जुन्या स्पोर्ट्स कारच्या पुढील सस्पेन्शनची व ब्रेकची पुनर्बांधणी : 'एमजीबी' मोटारीच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

जुन्या मोटारींच्या जतनाविषयी लिहिले जाते तेव्हा रंग, क्रोम व इंजिन यांची चर्चा अधिक होते. गाडीचे व गाडीतील माणसाचे भवितव्य मात्र पुढच्या चाकांमागे दडलेल्या किंगपिन, बेअरिंग, रबरी सील यांसारख्या लहान भागांवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमध्ये निर्माण झालेल्या 'एमजीबी' या स्पोर्ट्स कारच्या पुढील सस्पेन्शनची व ब्रेकची पुनर्बांधणी कशी केली जाते आणि तिच्या प्रत्येक टप्प्यामागे कोणते शास्त्रीय कारण असते, याचे विवेचन केले आहे. पुनर्बांधणी म्हणजे जुने भाग काढून नवे बसविणे नव्हे, तर दोन भागांमधील योग्य अंतर पुन्हा प्रस्थापित करणे होय, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : सस्पेन्शन, किंगपिन, डिस्क ब्रेक, ब्रेक ऑइल, मापन, जतन.

१. प्रस्तावना

'एमजी' हे नाव भारतीय वाचकाला २०१९ पासून आपल्या रस्त्यांवर दिसू लागलेल्या गाड्यांमुळे परिचित झाले आहे. मूळची एमजी मात्र ऑक्सफर्ड येथील 'मॉरिस गॅरेजेस' या व्यवसायातून जन्माला आली आणि १९२९ पासून १९८० पर्यंत तिच्या स्पोर्ट्स कार ॲबिंग्डन या लहानशा गावात तयार होत होत्या. १९६२ मध्ये सादर झालेली एमजीबी ही त्या परंपरेतील सर्वाधिक खपाची गाडी ठरली. उघडी व बंद अशा दोन्ही प्रकारांत मिळून तिच्या पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. आपल्याकडील ॲम्बॅसिडरशी तिचे दूरचे नातेही आहे. ॲम्बॅसिडरचे दीर्घकाळ वापरात असलेले १४८९ सीसी इंजिन आणि एमजीबीचे १७९८ सीसी इंजिन ही दोन्ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी' मालिकेतील होत.

या गाड्यांपैकी शेवटची गाडीही आता पंचेचाळीस वर्षांची झाली आहे. तरीही त्या मोठ्या संख्येने रस्त्यावर धावतात आणि त्यांच्या वापराविषयीचे कायदे सौम्य होत गेले आहेत. ब्रिटनमध्ये २० मे २०१८ पासून चाळीस वर्षांपेक्षा जुन्या व मूलभूत बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट मिळाली. गाडी रस्त्यावर चालविण्यास योग्य ठेवण्याची जबाबदारी मात्र मालकावर कायम राहिली. याचा अर्थ असा की, त्रयस्थ तपासनीस जे दोष दाखवून देत असे, ते आता मालकाने किंवा मिस्त्रीने स्वतःच शोधावयाचे आहेत. अशा परिस्थितीत पुनर्बांधणीचे ज्ञान हे केवळ छंदाचे न राहता जबाबदारीचे ठरते.

२. लेखाची उद्दिष्टे व व्याप्ती

(१) एमजीबीच्या पुढील सस्पेन्शनची व ब्रेकची रचना स्पष्ट करणे. (२) या दोन यंत्रणांचा परस्परसंबंध उलगडून दाखविणे. (३) पुनर्बांधणीतील महत्त्वाच्या टप्प्यांची कारणमीमांसा करणे. (४) मूळ स्वरूपाचे जतन व सुरक्षितता यांतील प्रश्नाचा विचार करणे.

प्रस्तुत लेख हा कार्यशाळेच्या पुस्तिकेचा पर्याय नाही. अठरा वर्षांच्या उत्पादनकाळात या गाडीत अनेक बदल झाले. विशेषतः १९७४ च्या अखेरीस रबरी बंपर आले, तेव्हा गाडीची जमिनीपासूनची उंचीही वाढविण्यात आली. त्यामुळे प्रत्यक्ष काम करताना त्या त्या वर्षाच्या गाडीची अधिकृत मापेच प्रमाण मानली पाहिजेत.

३. पुढील सस्पेन्शनची रचना

एमजीबीच्या पुढील सस्पेन्शनचे मूळ दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या आरेखनात आहे. ॲलेक इसिगोनिस व जॅक डॅनियल्स यांनी विकसित केलेली ही रचना १९४७ च्या 'वाय टाइप' मोटारीत प्रथम बाजारात आली आणि पुढे टीडी, एमजीए व एमजीबी या गाड्यांत सुधारणांसह चालू राहिली.

गाडीच्या पुढील भागात एक जाड पोलादी आडवा तुळई-सदृश भाग असतो. त्यास क्रॉसमेंबर म्हणतात. तो चार बोल्टांनी व रबरी गाद्यांसह गाडीच्या सांगाड्याला जोडलेला असतो. स्टिअरिंगची रॅकही त्याच्यावरच बसविलेली असते. क्रॉसमेंबरच्या प्रत्येक टोकाला खालच्या बाजूस दोन भुजांचा विशबोन असतो. या भुजांच्या मध्ये स्प्रिंगची थाळी असते आणि थाळी व क्रॉसमेंबर यांच्यामध्ये कॉइल स्प्रिंग दाबलेली राहते.

वरच्या बाजूस मात्र स्वतंत्र विशबोन नसतो. तेथे क्रॉसमेंबरवर बसविलेला तरफेच्या पद्धतीचा हायड्रॉलिक शॉक ॲब्सॉर्बर असतो व त्याचा भुजच वरच्या विशबोनचे काम करतो. एका भागाकडे दोन कामे असणे हे या रचनेचे वैशिष्ट्य आहे आणि तिचा कच्चा दुवाही तोच आहे. शॉक ॲब्सॉर्बरमधील तेल गळाले तर चाक उसळ्या खाते, हे चालकाच्या लगेच लक्षात येते. पण त्याच्या दांड्याचे बेअरिंग झिजले तर चाकाचा वरचा आधारच हलू लागतो आणि चाकाचा कल बदलतो. हा दोष तेल भरून जात नाही. दांड्याची घरे पुन्हा बोअर करून त्यात नवे बुश बसवावे लागतात व ते काम विशेष सामग्री असलेल्या ठिकाणीच होऊ शकते.

वरचा भुज व खालचा विशबोन यांच्या मध्ये उभा असतो तो किंगपिन. किंगपिन स्वतः फिरत नाही. त्याच्याभोवती बुशांच्या आधारे स्टब ॲक्सल फिरतो व त्यामुळे चाक वळते. स्टब ॲक्सलवर हब, हबवर डिस्क आणि स्टब ॲक्सललाच जोडलेला ब्रेकचा कॅलिपर, असा हा सर्व पसारा आहे.

४. ब्रेक व सस्पेन्शन यांचा परस्परसंबंध

ब्रेक व सस्पेन्शन या दोन स्वतंत्र यंत्रणा आहेत, अशी सर्वसाधारण समजूत असते. वास्तविक ब्रेक दाबला जाताच त्या एक होतात. हे एका साध्या गणिताने स्पष्ट होईल.

चालकासह गाडीचे वस्तुमान १००० किलोग्रॅम, गुरुत्वमध्याची उंची अर्धा मीटर आणि मंदन गुरुत्वत्वरणाच्या ०.७ पट मानू. एमजीबीच्या दोन आसांमधील अंतर ९१ इंच म्हणजे सुमारे २.३१ मीटर आहे. या स्थितीत गाडीच्या एकूण वजनाच्या सुमारे १५ टक्के इतका भार मागून पुढे सरकतो. स्थिर अवस्थेत जवळजवळ निम्मा असलेला पुढचा भार ६५ टक्क्यांपर्यंत जातो. ब्रेकचे बलही त्याच प्रमाणात विभागले गेले असे मानल्यास प्रत्येक पुढच्या टायरवर रस्ता सुमारे २२०० न्यूटन बल मागच्या दिशेने लावतो.

हे बल सांगाड्यापर्यंत पोहोचते कसे? कॅलिपर डिस्कला धरतो, पण कॅलिपर स्वतः स्टब ॲक्सलला बांधलेला असतो. त्यामुळे चाकाबरोबर स्टब ॲक्सलही फिरू पाहतो. त्याला रोखतात ते किंगपिनच्या वरचा व खालचा असे दोन सांधे. खालचा सांधा मागे ढकलला जातो, तर वरचा पुढे ओढला जातो. तरफेच्या नियमानुसार खालच्या सांध्यावरील बल हे टायरवरील बलापेक्षाही अधिक असते. हे सांधे झिजलेले असतील तर प्रत्येक ब्रेकसरशी चाकाची भूमिती क्षणभर बदलते, स्टिअरिंग थरथरते आणि गाडी एका बाजूस ओढली जाते. अशा गाडीत नवे पॅड व नव्या डिस्क बसविल्या तरी थरथर कायम राहते व दोष मात्र नव्या डिस्कवर ढकलला जातो. म्हणून दोन्ही कामे एकत्र व क्रमानेच केली पाहिजेत.

५. दोषनिदान

गाडी सुटी करण्यापूर्वी निदान करणे आवश्यक असते, कारण सुट्या भागांतून रोगाची लक्षणे दिसत नाहीत. पुढचे चाक जमिनीपासून उचलून, गाडीला पक्का आधार देऊन, चाक वर व खाली धरून आतबाहेर हलवून पाहिले जाते. ढिलेपणा जाणवल्यास तो हबच्या बेअरिंगचा आहे की किंगपिनचा, हे ठरविण्याची एक सोपी युक्ती आहे. दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरावा व चाक पुन्हा हलवून पाहावे. ढिलेपणा नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा, कारण ब्रेकमुळे डिस्क व स्टब ॲक्सल एकमेकांशी जखडले जातात आणि बेअरिंग परीक्षेतून बाद होते. ढिलेपणा तसाच राहिला तर दोष किंगपिनचा किंवा त्याच्या वरच्या-खालच्या सांध्यांचा असतो.

दुसरे लक्षण चाकाच्या कलात सापडते. एमजीबीच्या मूळ रचनेत किंगपिनचा कल सुमारे ८ अंश, मागील झुकाव म्हणजे कॅस्टर सुमारे ७ अंश व चाकाचा बाहेरील कल म्हणजे कँबर सुमारे १ अंश असतो. यांपैकी एकही कोन फिरवून जुळविण्याची सोय मूळ गाडीत नाही. फक्त दोन्ही चाकांची टोके पुढे किती जवळ यावीत, एवढेच जुळविता येते. ही उणीव वाटली तरी निदानाच्या दृष्टीने ती सोयीची आहे. कोन जुळविता येत नाही, त्याअर्थी कोन चुकला असेल तर काहीतरी झिजले आहे, वाकले आहे किंवा स्प्रिंग बसली आहे, असा निश्चित निष्कर्ष काढता येतो.

६. भाग सुटे करणे : साठलेल्या ऊर्जेचा धोका

या कामातील सर्वांत मोठा शारीरिक धोका स्प्रिंगचा आहे. गाडी उभी असताना प्रत्येक पुढील स्प्रिंगवर चारशे किलोग्रॅमहून अधिक भार असतो आणि चाक अधांतरी लोंबत असतानाही ती पूर्णपणे सैल होत नाही. सांधा अकस्मात सुटला तर ही ऊर्जा क्षणार्धात बाहेर पडते. यासाठी स्प्रिंगच्या थाळीखाली जॅक लावून तिचा भार पेलला जातो, वरचा सांधा सोडविला जातो आणि मग जॅक हळूहळू उतरवून स्प्रिंग मोकळी केली जाते. गाडी स्वतः मात्र जॅकवर नव्हे, तर भक्कम स्टँडवर उभी असली पाहिजे.

हाच विचार कॅलिपरमधील अडकलेले पिस्टन काढताना उपयोगी पडतो. पिस्टन काढण्यासाठी दाबाखालील हवा वापरण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. हवा दाबली जाते व स्प्रिंगप्रमाणे ऊर्जा साठविते. त्यामुळे अडकलेला पिस्टन सुटताच गोळीसारखा उडू शकतो. द्रव मात्र जवळजवळ दाबला जात नाही. म्हणून ब्रेकची नळी सोडविण्यापूर्वीच, गाडीच्या पॅडलने तेलाचा दाब देऊन पिस्टन हळूहळू बाहेर आणणे अधिक सुरक्षित ठरते.

आणखी एक दक्षता आवश्यक आहे. त्या काळातील पॅड व लाइनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस वापरले जात असे. जुन्या ब्रेकमधील धूळ हवेने फुंकून किंवा कोरडी झाडून काढल्यास ते तंतू श्वासावाटे फुप्फुसात जातात. धूळ ओली करून, ओल्या फडक्याने पुसून, ते फडके बंद पिशवीत टाकणे हाच योग्य मार्ग आहे.

७. किंगपिन व बुश

एमजीबीच्या प्रत्येक बाजूच्या किंगपिनभोवती तीन ग्रीस निपल असतात. या गाडीचे सस्पेन्शन टिकणे हे बहुतांशी या तीन निपलांवर अवलंबून असते. नियमित ग्रीस मिळालेला किंगपिन दीर्घकाळ टिकतो. न मिळालेला किंगपिन काही वर्षांतच झिजतो किंवा गंजून घट्ट होतो. त्यातही सर्वाधिक हाल तळाच्या सांध्याचे होतात. रस्त्यावरील पाणी व चिखल तेथेच उडतो आणि ब्रेकचे सर्वांत मोठे बलही त्याच सांध्यावर येते.

या तळाच्या सांध्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. विशबोनच्या दोन भुजांमधून एक बोल्ट जातो. त्या बोल्टवर पोलादी नळी असते आणि नळीवर किंगपिनच्या तळाचा बुश फिरतो. नळीची लांबी किंगपिनच्या डोळ्यापेक्षा किंचित अधिक ठेवलेली असते. बोल्ट आवळला की दोन्ही भुजा नळीला घट्ट धरतात, पण किंगपिन मात्र नळीवर मोकळा हलू शकतो. नळी झिजून आखूड झाली किंवा चुकीची बसविली तर बोल्ट आवळताच किंगपिनच जखडला जातो. मग हालचाल नळीवर न होता बोल्टवर होऊ लागते व बोल्ट कापला जाण्याची भीती निर्माण होते.

स्टब ॲक्सलमधील बुश बदलणे हे कौशल्याचे काम आहे. नवे बुश दाबून बसविताना ते किंचित आकसतात. म्हणून बसविल्यानंतर ते रीमरने योग्य मापाला आणावे लागतात. वरचा व खालचा बुश एकाच सरळ रेषेत यावा यासाठी दोन्हीतून जाणारा विशेष रीमर वापरला जातो. बुशवरील ग्रीसचे छिद्र स्टब ॲक्सलच्या छिद्रासमोर आले नाही, तर निपलमधून कितीही ग्रीस भरले तरी ते आत पोहोचत नाही आणि नवे काम जुन्यापेक्षाही लवकर झिजते. शेवटी वॉशरांची जाडी निवडून स्टब ॲक्सलची वर-खाली होणारी हालचाल इंचाच्या काही हजारांश भागांपुरती मर्यादित केली जाते. स्टब ॲक्सल हाताने सहज फिरावा, पण वर-खाली हलताना जाणवू नये, अशी ही स्थिती असते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. नवा भाग म्हणजे योग्य मापाचा भाग, असे गृहीत धरता येत नाही. मूळ उत्पादन थांबून चार दशके लोटली आहेत व आज मिळणारे सुटे भाग अनेक ठिकाणी तयार होतात. त्यामुळे जुन्या भागाइतकेच नव्या भागाचेही मायक्रोमीटरने मापन करणे हा पुनर्बांधणीचा अविभाज्य टप्पा मानला पाहिजे.

८. हबचे बेअरिंग : न दिसणारा स्पेसर

एमजीबीच्या पुढील हबमध्ये दोन निमुळती रोलर बेअरिंग असतात. अनेक गाड्यांत अशा बेअरिंगचे नट हाताच्या अंदाजाने आवळून मग थोडे सैल केले जाते. एमजीबीची रचना वेगळी आहे. येथे दोन बेअरिंगच्या मध्ये स्टब ॲक्सलवर एक पोलादी स्पेसर असतो आणि त्याच्या टोकाला पातळ शिम असतात. नट चांगल्या जोराने आवळले जाते व त्यामुळे आतील बेअरिंग, स्पेसर, शिम आणि बाहेरील बेअरिंग यांची एक घट्ट चळत तयार होते. ही चळत स्टब ॲक्सलला ताठरता देते.

या हबमध्ये ०.००२ ते ०.००४ इंच, म्हणजे सुमारे ०.०५ ते ०.१० मिलिमीटर इतकी आतबाहेरची हालचाल शिल्लक राहणे आवश्यक असते. ती साधण्यासाठी प्रथम जास्त शिम घालून, ग्रीस न भरता हब जोडला जातो व डायल गेजने हालचाल मोजली जाते. समजा ती ०.०११ इंच भरली आणि ०.००३ इंच हवी आहे, तर ०.००८ इंच जाडीचे शिम काढले पाहिजेत. शिम ०.००३, ०.००५ व ०.०१० इंच अशा जाडीत मिळतात. त्यांपैकी पहिल्या दोन जाडींचे एकेक शिम काढले की माप जुळते. त्यानंतर हब पुन्हा उतरवून, ग्रीस भरून, नवीन सीलसह कायमचा बसविला जातो आणि स्प्लिट पिन घातली जाते.

हे काम वेळखाऊ असल्यामुळे अनेकदा स्पेसर व शिम काढूनच टाकले जातात व नट अंदाजाने आवळले जाते. गाडी चालते, चाक फिरते आणि काहीही चुकल्याचे दिसत नाही. मात्र आधार गमावलेला स्टब ॲक्सल प्रत्येक वळणावर किंचित अधिक वाकतो आणि वारंवार वाकणाऱ्या पोलादाला थकवा येतो. थकव्याने पडलेली चीर बाहेरून दिसत नाही. तिचा शेवट चाक निखळण्यात होऊ शकतो. पुनर्बांधणी करणाऱ्याची सचोटी पाहावयाची असेल, तर ती टोपणाखाली झाकलेल्या या चळतीत पाहावी.

तारांच्या चाकांच्या गाड्यांबाबत आणखी एक सूचना आवश्यक ठरते. त्यांचे डावे व उजवे हब वेगळ्या आट्यांचे असतात. त्यांची अदलाबदल झाली तर मधले मोठे नट गाडी धावत असताना घट्ट होण्याऐवजी सैल होत जाते.

९. ब्रेकची पुनर्बांधणी

एमजीबीच्या पुढील चाकांना १०.७५ इंच व्यासाच्या डिस्क व दोन पिस्टनांचे कॅलिपर असतात. हबची हालचाल जुळविल्यानंतरच डिस्कचे डगमगणे मोजता येते, कारण हब सैल असेल तर डायल गेजवरील आकडा डिस्कचा नव्हे, बेअरिंगचा असतो. डिस्कच्या कडेला हे डगमगणे ०.००३ इंचापेक्षा अधिक असू नये. ते अधिक आढळल्यास डिस्क बाद करण्यापूर्वी हब व डिस्क यांच्या जोडपृष्ठावरील गंज तपासला पाहिजे. तेथे राहिलेला गंजाचा पातळ पापुद्राही कडेपर्यंत पोहोचेतो मोठा होतो.

कॅलिपरमध्ये पिस्टनभोवती चौरस छेदाचे रबरी सील असते. तेलाची गळती थांबविणे हे त्याचे एक काम. ब्रेक दाबल्यावर पिस्टन पुढे सरकतो तेव्हा हे सील किंचित पिळले जाते, आणि पॅडल सोडताच मूळ आकारात येताना पिस्टनला केसभर मागे ओढते. हे त्याचे दुसरे काम. डिस्क ब्रेकमध्ये पॅड मागे घेण्यासाठी वेगळी स्प्रिंग नसते. रबर कडक झाले किंवा पिस्टनवर गंजाचे खड्डे पडले तर पॅड डिस्कला चिकटून राहतात व ब्रेक तापतो. म्हणून खड्डे पडलेला पिस्टन घासून पुन्हा वापरणे योग्य नाही, तो बदललाच पाहिजे. कॅलिपरचे दोन अर्धे भाग बोल्टांनी जोडलेले असतात. ते अकारण वेगळे करू नयेत.

रबरी नळ्या बाहेरून चांगल्या दिसत असूनही आतून सुजलेल्या असू शकतात. पायाचा जोर तेलाला पुढे नेतो, पण परत येण्यास पुरेसा दाब नसतो. परिणामी नळी एकदिशी झडपेसारखी वागते. ब्रेक सोडल्यावरही एक चाक जखडलेले राहण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. जुन्या गाडीत या नळ्या वयावरून बदलाव्यात, रूपावरून नव्हे. बसविताना त्यांना पीळ पडणार नाही आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळविल्यावर त्या कोठेही घासणार नाहीत, हे पाहावे लागते. गंजलेल्या पोलादी नळ्यांच्या जागी तांबे-निकेल मिश्रधातूच्या नळ्या घालणे आता सर्वमान्य आहे.

ब्रेक ऑइलचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. ग्लायकॉलवर आधारित ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. सुमारे ३.७ टक्के पाणी शोषल्यावर त्याची किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ व १४० आहेत. या आकड्यांचा अर्थ पुन्हा गणिताने समजतो. १००० किलोग्रॅमची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबविताना सुमारे ३८६ किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत जाते. प्रत्येक पुढच्या डिस्कच्या वाट्याला तिच्यातील सुमारे १२५ किलोज्यूल येतात. डिस्कचे वस्तुमान ४ किलोग्रॅम मानले, तर एकदा थांबताना तिचे तापमान ६५ ते ७० अंशांनी वाढेल. आता बोरघाटासारखा सुमारे साडेपाचशे मीटरचा उतार विचारात घ्यावा. तो उतरताना मुक्त होणारी ऊर्जा अशा चौदा वेळा थांबण्याएवढी भरते. तिच्यातील काही भाग इंजिन व हवेचा विरोध घेतात, काही वाटेत थंड होतो, तरी उरलेला भाग ब्रेकलाच सोसावा लागतो. पाणी शोषलेले ऑइल अशा वेळी उकळते, वाफ दाबली जाते आणि पॅडल तळाला टेकते.

सिलिकॉनवर आधारित डॉट ५ ऑइल पाणी शोषत नाही व रंगही खराब करीत नाही. मात्र ते ग्लायकॉलच्या ऑइलमध्ये मिसळता येत नाही. पुनर्बांधणी करणाऱ्याने निवड एकदाच करावी व तिची नोंद गाडीवर ठेवावी. हवा काढताना बाटलीत जमलेले ऑइल पुन्हा टाकीत ओतू नये.

१०. अंतिम जुळणी

विशबोनच्या आतील टोकांना रबरी बुश असतात. रबर व धातू एकमेकांना चिकटविलेले बुश असल्यास त्यांत सरकण्याची क्रिया नसते, रबरच पिळले जाते. म्हणून त्यांचे नट गाडी हवेत असताना पूर्ण आवळले तर गाडी जमिनीवर उतरताच रबर कायमचे पिळलेले राहते व लवकर फाटते. सर्व सांधे प्रथम हलके जोडावेत, गाडी चाकांवर उतरवावी, पुढून दाबून स्थिर होऊ द्यावी आणि मगच टॉर्क पान्याने ते आवळावेत. चाकांच्या टोकांची जुळणी सर्वांत शेवटी करावी. नवे पॅड व डिस्क यांची पृष्ठे एकमेकांशी जुळण्यासाठी प्रारंभी मध्यम वेगात, मधे थंड होण्यास अवधी देत, अनेकदा ब्रेक लावावा. काही दिवसांच्या वापरानंतर प्रत्येक बोल्ट, प्रत्येक नळीचा जोड व हबची हालचाल पुन्हा तपासावी.

११. मूळ स्वरूप आणि सुरक्षितता

पुनर्बांधणीत एक तात्त्विक प्रश्नही उपस्थित होतो. गाडी मूळ होती तशी ठेवावी की अधिक सुरक्षित करावी? ब्रेकच्या बाबतीत तो तीव्र होतो. प्रारंभीच्या एमजीबीमध्ये चारही चाकांसाठी तेलाचे एकच मंडल होते. कोठेही गळती झाली की सगळे ब्रेक जात. १९६८ पासून अमेरिकेतील सुरक्षाविषयक नियमांमुळे तेथे जाणाऱ्या गाड्यांत दोन मंडले आली. ब्रिटनमधील गाड्यांत मात्र त्यानंतरही अनेक वर्षे एकच मंडल राहिले. अशी गाडी आज पुनर्बांधणीस आली तर काय करावे?

ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक महासंघाने स्वीकारलेली 'टुरिन सनद' येथे मार्गदर्शक ठरते. वास्तूंच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेपासून तिने प्रेरणा घेतली आहे. मूळ द्रव्य शक्य तितके राखावे, बदल करावा लागल्यास तो ओळखता यावा व शक्यतो मागे घेता यावा, तसेच त्याची नोंद असावी, हा तिचा गाभा आहे. भारतातही २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ स्वरूपातील वाहनांसाठी 'व्हीए' अक्षरांची स्वतंत्र नोंदणी सुरू झाली. या गाड्यांना दैनंदिन वापराची परवानगी नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे व दुरुस्ती यांसाठीच त्या रस्त्यावर आणता येतात. परंतु रॅलीच्या रस्त्यावरही पादचारी असतात.

या दृष्टीने पाहता दोन मंडलांचा मास्टर सिलिंडर बसविणे समर्थनीय ठरते, कारण तो बदल मागे घेता येतो. मूळ भाग जपून ठेवून लेखी नोंद करणे मात्र अनिवार्य आहे. याउलट केवळ गाडी अधिक वेगवान दिसावी म्हणून क्रॉसमेंबर कापून केलेले बदल परत फिरविता येत नाहीत व त्यांचे समर्थन करणे कठीण जाते. मूळपणाच्या नावाखाली जुने रबर किंवा चाळीस वर्षांची नळी टिकविणे हे तर जतन नव्हेच. निर्मात्यानेच ज्या भागांना झिजण्यासाठी व बदलण्यासाठी आखले होते, ते वेळीच बदलणे हेच मूळ आरेखनाशी इमान राखणे होय.

१२. निष्कर्ष

(१) एमजीबीमध्ये पुढील सस्पेन्शन व ब्रेक या परस्परावलंबी यंत्रणा असून त्यांची पुनर्बांधणी किंगपिन, हब, डिस्क व कॅलिपर या क्रमानेच परिणामकारक होते.

(२) पुनर्बांधणीचा गाभा भाग बदलण्यात नसून मापनात आहे. ०.००३ इंच हे अंतर डोळ्यांना दिसत नाही, पण चाक जागेवर राहणे त्यावर अवलंबून असते.

(३) बाहेरून चांगले दिसणारे रबर, ऑइल व बुश हेच सर्वाधिक धोकादायक ठरू शकतात. त्यांचा निर्णय रूपावरून न करता वय, माप व कार्य यांवरून केला पाहिजे.

(४) सुरक्षिततेसाठी केलेला, मागे घेता येणारा व नोंदलेला बदल जतनाच्या तत्त्वांशी विसंगत नाही.

(५) जुन्या गाड्यांना कायद्याने जेथे तपासणीतून सूट दिली आहे, तेथे तपासनिसाची जागा पुनर्बांधणी करणाऱ्याच्या मायक्रोमीटरने व त्याच्या नोंदवहीने घेणे अपेक्षित आहे. अभियांत्रिकी व औद्योगिक प्रशिक्षणाच्या विद्यार्थ्यांसमोर अशी एखादी जुनी गाडी ठेवली, तर सहिष्णुता, थकवा, उष्णता व द्रवदाब हे पाठ्यपुस्तकातील चार वेगवेगळे धडे एकाच चाकापाशी शिकविता येतील. त्याबरोबरच, जे काम कोणी उघडून पाहणार नाही तेही नीट का करावयाचे, हा धडाही तेथेच मिळेल.